चांदणी लावली आणि शेजारी अबोल झाले: ख्रिस्ती माणसाला मान मिळतो तो कशातून?

प्रश्न थोडक्यात असा. श्रीरामपूरकडचा एक तिशीतला मुलगा नोकरीसाठी इंदूरला आला. पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, सुदामा नगरात बायकोसोबत भाड्याने राहतो. आडनाव मराठी, बोलणं मराठी, त्यामुळे पहिले काही महिने आसपासच्या मराठी कुटुंबांनी अगदी घरचं मानलं. डिसेंबरात त्याने गॅलरीत नाताळची चांदणी लावली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचं बोलणं 'हं' आणि 'बरं' वर आलं. तो लिहितो, "तेव्हापासून मी सगळ्यांची कामं करतो. सिलिंडर वर नेऊन देतो, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडतो, कुणाला स्टेशनला जायचं असेल तर गाडी काढतो. ख्रिस्ती माणूस कसा असतो हे त्यांना दिसावं म्हणून. पण मान काही मिळत नाही, उलट लोक वापरून घेतात असं वाटतं. आता गणपतीची वर्गणी मागायला येतील, तेव्हा काय करू?"

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून सरळ अरे-तुरे करते. मीही नगर जिल्ह्यातलीच. मिरजेला नर्सिंग केलं, 1981 साली लग्न होऊन इंदूरला आले आणि चौतीस वर्षं वॉर्डात काढली. आमच्या चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या कुटुंबांना भेटायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं काम अजून माझ्याकडे आहे. नगरकडे 'सलाम' म्हणणारा माणूस इथे रविवारी 'जय मसीह की' ऐकून बिचकतो, उपासना हिंदीत, गीतं हिंदीत. तेही एक परकेपण असतंच. तुझ्यासारखा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. 'तेव्हापासून मी सगळ्यांची कामं करतो.' म्हणजे चांदणीच्या आधी करत नव्हतास. शेजाऱ्यांना हे कळत नसेल असं वाटतं का तुला? जो माणूस चार महिने नमस्कार करून जात होता, तो एकदम सिलिंडर उचलायला धावतो, तेव्हा समोरचा मनात विचारतोच, याला काय हवंय? आणि तुला खरंच काहीतरी हवं होतं. प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना, उपास हे सगळं लोकांना दिसावं म्हणून करू नका असं सांगितलंय. आपण ते वाचताना परूश्यांकडे, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांकडे, बोट दाखवतो. सिलिंडर आपल्याला त्यात दिसत नाही.

वापरून घेतात असं वाटतं, त्याचं मूळही तिथेच. मोबदला मनात ठरवून केलेलं काम अंगावर येतं. तेव्हा आधी ही कामं निम्मी कर. जे जमत नाही त्याला सरळ 'आज नाही जमणार काका' म्हण. नाही म्हणता येतं अशा माणसाच्या होकाराला किंमत असते. स्टेशनला सोडायचं कबूल केलंस तर मात्र पहाटे साडेचारला गाडी दारात उभी असली पाहिजे.

आता मुद्द्याचं. इतक्या वर्षांत मी पाहिलंय की आपल्याबद्दलचं लोकांचं मत आपण दाखवायला निघतो त्या जागी बनत नाही. ते बनतं पैशात, सहीत आणि आपल्याहून खालच्या मानल्या गेलेल्या माणसाशी आपण बोलतो त्या आवाजात. माझी एक गोष्ट सांगते. ती माझ्या मोठेपणाची नाही.

1980च्या दशकाच्या शेवटी मी सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला होते. पेथिडीन, मॉर्फिन अशी तीव्र वेदनांवरची औषधं दुहेरी कुलपाच्या कपाटात असतात. प्रत्येक पाळीला मोजणी होते, रजिस्टरवर दोघींच्या सह्या होतात, रिकामी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, दाखवावी लागते. पहाटे तीनच्या सुमाराला माझ्या हातून पेथिडीनची एक अँप्यूल फुटली. फुटली तर तसं लिहायचं, डॉक्टरांची सही घ्यायची, एवढंच होतं. पण महिन्याभरातली माझी ती दुसरी होती आणि मला मेमोची भीती वाटली. एका ऑपरेशन झालेल्या बाईंना 'गरज पडल्यास' म्हणून ते इंजेक्शन लिहिलेलं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या. मी त्यांच्या नावावर ते दिल्याचं लिहिलं आणि मोकळी झाले.

दुसऱ्या रात्री ड्यूटीवर गेले तर त्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, सकाळी फार दुखलं हो. इंजेक्शन मागितलं तर म्हणाल्या, पहाटेच दिलंय, आता थांबा. मला तर काही आठवत नाही." माझ्या एका ओळीमुळे त्या बाई पोटावरचे टाके धरून काही तास कळवळत पडल्या होत्या. आणि त्या मला दोष देत नव्हत्या. स्वतःच्या आठवणीलाच दोष देत होत्या.

मला दोन दिवस लागले. मग मेट्रनच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मेमो मिळाला, रात्रपाळीचा चार्ज काढून घेतला. त्या बाईंजवळ जाऊन माफी मागितली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "दर रविवारी चर्चला जाते म्हणे." ते खरंच होतं, त्यावर मी काय बोलणार? तेव्हा कुणाच्याही नजरेत माझा मान वाढला नाही. तो गेला, आणि योग्य रीतीने गेला.

तीनेक वर्षांनी त्याच मेट्रनने त्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हे तुला सांगते कारण तुझं कामही सहीचं आहे. क्वालिटीच्या माणसाला कुणी प्रवचन विचारत नाही. माल न मोजता टेबलावर बसून रीडिंग भरलंस की नाही, महिनाअखेरीला डिस्पॅचचा तगादा आल्यावर नापास लॉट पास केलास की नाही, हे तिथल्या हेल्परपासून सगळ्यांना ठाऊक असतं. तू सही केलेला कागद पुन्हा तपासायची गरज नाही असं एखादा मॅनेजर म्हणायला लागला, तर तुझा विश्वास काय आहे हे त्याला कधीतरी कळेल आणि त्याचं वजन पडेल. पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात दासांना सांगितलंय की चोरी करू नका, पूर्ण इमानी राहा, म्हणजे देवाच्या शिक्षणाला शोभा येईल. शोभा कुणी आणायची, तर दासांनी. ज्यांना समाजात काडीची किंमत नव्हती, त्यांच्या हिशेबातल्या चोखपणाने! मला हे वचन फार आवडतं, आणि आपल्या मंडळ्यांत त्यावर उपदेश फारसा होत नाही.

चूक झाली तर बायबलमधल्या जकातदार जक्कयासारखं कर. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात तो 'मी बदललो' असं मोघम बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट, असा आकडा सांगतो, तोही उभा राहून, सगळ्यांसमोर. आपण माफी मागतो तेव्हा आकडा गाळतो. घरमालकाचं भाडं थकलं असेल, मंडळीतल्या कुणाकडून उसने घेतले असतील, तर आधी ते. (मंडळीतली उसनवारी हा स्वतंत्र विषय आहे. आपल्यातलाच आहे, समजून घेईल, असं म्हणून बुडवलेले पैसे मी फार पाहिलेत.)

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या लोकांना बोचते.

तुमच्याकडे कामाला बाई येते का? तिला चहा कोणत्या कपात देता? आमच्या घरी, सासूबाईंच्या काळात, बाईचा कप वेगळा होता. दांडी तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला. माझ्या सासूबाई प्रेमळ होत्या, रोज वचन वाचायच्या. आणि त्यांच्याच आजोबांना गावात वरून ओंजळीत पाणी मिळायचं. आपल्यातल्या पुष्कळ घराण्यांची हीच कथा आहे. ज्या अपमानातून आपल्या आज्या-पणज्या येशूकडे आल्या, तोच अपमान आपण एका कपात घालून खिडकीत ठेवला होता. मी तो कप फेकला तेव्हा घरात दोन दिवस धुसफूस झाली. वर्षभराने त्या बाईने मला सांगितलं, "ताई, मी सगळीकडे सांगते, त्या ख्रिश्चनांच्या घरी मी टेबलावर बसून चहा पिते." सगळीकडे म्हणजे आठ घरी. चांगलं सांगितलं म्हणून मी खूश झाले, मग लक्षात आलं की त्याआधीची कितीतरी वर्षं तिने खिडकीतल्या कपाचंही सांगितलं असणार. याकोबाचं पत्र दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याबद्दल बोलतं आणि पाचव्यात मजुराच्या अडवलेल्या मजुरीबद्दल. बाईचा पगार एक तारखेला दे. खाडे कापायचे असतील तर तिच्यासमोर मोजून काप. वरच्या काकूंना तुझ्याबद्दल जे कळणार आहे, ते बहुधा जिन्यावरून तिच्याच तोंडून.

वर्गणीचं विचारलंस. इथे मी माझं सांगते. आपल्यातले सगळे असंच करतात असं नाही, आणि जे वेगळं करतात ते कमी विश्वासू आहेत असं मी म्हणणार नाही.

मी सुरुवातीला फार वाईट वागले. लोकमान्य नगरला राहत होतो. शेजारच्या वहिनी सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या आणि मी दारातूनच "आमच्यात चालत नाही" म्हणून दार लावलं. मला वाटलं, विश्वासाची साक्ष दिली. त्यांना वाटलं, तोंडावर दार आपटलं. पुढची चार वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बरोबर होतं त्यांचं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात पौल याच प्रश्नात बुडालेला आहे. तो मांसाबद्दल बोलतो, पण डोळ्यांसमोर त्याच्या माणसं आहेत. पलीकडच्याची सद्सद्विवेकबुद्धी, आपली मोकळीक, दोन्हीचं भान ठेवून पाऊल टाका, असं तो सांगतो.

पुढे मी असं केलं. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, कैरीची डाळ आनंदाने घेते, आणि नाताळात आमच्या करंज्या, शंकरपाळ्या, केक जातो. पूजेत ठेवलेलं मी खात नाही. पण हे दारात ताट आल्यावर सांगायचं नसतं. आधीच, शांतपणे, एकदा सांगून ठेवायचं. "वहिनी, तुमच्या हातचा शिरा मला आवडतो, नैवेद्याचा तेवढा मी घेत नाही, माझ्या प्रार्थनेची ती बाब आहे. तुम्ही एकादशीला जसं कांदा-लसूण घेत नाही, तसं समजा." पाळणं म्हणजे काय हे आपल्या मराठी बायकांना फार चांगलं कळतं. स्वतः सोवळं, उपास, वार पाळणारी बाई दुसऱ्याच्या पाळण्याला सहसा हसत नाही. चिडते ती तुच्छतेवर.

वर्गणीला मुलं येतील तेव्हा दार पूर्ण उघड, आत बसव, पाणी दे. मंडळाचं रक्तदान शिबिर असेल, वह्यावाटप असेल, मुलांच्या स्पर्धा असतील, तर त्यासाठी दे, आणि इतरांच्या बरोबरीने दे. पूजेची पावती नको, शिबिराची फाड, असं हसत सांग. मग शिबिराला स्वतः जाऊन रक्त दे. मी तर रिटायर झाल्यावरही दरवर्षी तिथे बीपी तपासायला बसते. आरतीच्या वेळी उठून जाते, मंडळातल्या मुलांना ते माहीत आहे. एकदा नवीन कार्यकर्त्याने विचारलं तर दुसरा म्हणाला, "सिस्टर आहेत त्या, सात वाजता त्या चहा प्यायला जातात." मला हसू आलं. माझ्या वतीने तोच उत्तर देऊन गेला.

विश्वासाबद्दल बोलायचं की गप्प बसायचं? पेत्राचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय, पंधरावं वचन. तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. विचारील त्याला, हे लक्षात घे. वॉर्डात माझा नियम होता की आजारी माणूस खाटेला बांधलेला असतो, तो उठून जाऊ शकत नाही, म्हणून मी आपणहून कधी विषय काढला नाही. कुणी "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर ड्यूटी संपल्यावर, नातेवाईक जवळ असताना, दोन वाक्यांत. मध्य प्रदेशात 1968 सालापासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि 2021 साली तो नव्याने, जास्त कडक होऊन आला. पण कायद्याच्या धाकाने मी हे सांगत नाही. मदतीच्या मागे दोरी बांधलेली असली की ती मदत राहत नाही. औषध देताना औषधच दे. पत्रक नको.

इंदूरला याचा जुना पुरावा आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे 1877 साली सुरू झालं, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज आलं. 1884 साली डॉ. एलिझाबेथ बीटी आणि 1886 साली डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या बायकांची नाडी या दोघींनी पाहिली. नर्स म्हणून मला वाटतं, रस्त्यावरच्या उपदेशाला बंद राहणारे दरवाजे बाळंतिणीच्या खोलीकडून उघडतात.

पण एक सावधगिरीचा शब्द. सगळे आपल्याला मान देतील असं समजू नकोस. 25 फेब्रुवारी 1995 रोजी कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरला यायला बसमध्ये बसल्या आणि वाटेत त्यांना चाकूने भोसकून मारलं गेलं. आम्ही इथेच होतो तेव्हा. मी प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक, पण त्या आठवड्यात हा फरक कुणाला आठवला नाही. खेड्यांतल्या गरीब शेतकऱ्यांना त्यांनी सावकारीतून बाहेर काढायला मदत केली होती. ज्या कामामुळे ती माणसं त्यांना बहीण मानत होती, त्याच कामामुळे दुसऱ्या काहींना त्या नकोशा झाल्या. एकाच कामातून मान आणि वैर दोन्ही आले. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की सगळेच तुमचं चांगलं बोलू लागले तर ते तुमचं दुर्दैव. मान मोजत बसलेल्या माणसाने ते वचन अधूनमधून वाचावं.

त्या गोष्टीचा पुढचा भाग तुला कदाचित माहीत नसेल. 2002 साली त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. पुढच्या वर्षी आईने येऊन त्याचे हात हातात घेतले. 2006 साली तो सुटला, आणि त्यासाठी त्या कुटुंबानेच रदबदली केली होती. 4 नोव्हेंबर 2017 रोजी सिस्टर राणी मारिया यांना इंदूरला धन्य घोषित केलं गेलं (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी), मोठा सोहळा झाला. पण माझ्या ओळखीच्या हिंदू बायकांनी माझ्याजवळ सोहळ्याचा विषय क्वचित काढला. राखीबद्दल मात्र अजून विचारतात. "खरंच बांधली का हो?" आणि मग थोडा वेळ कुणी बोलत नाही.

घरचं राहिलं. तू बायकोबद्दल एका ओळीत लिहिलंस की ती 'ॲडजस्ट करते'. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. त्या कवीला सगळ्यात कठोरपणे पारखणारी व्यक्ती त्याची स्वतःची बायकोच होती. तुझं शेजाऱ्यांशी गोड बोलणं आणि दार लागल्यावरचा आवाज यात फरक असेल तर भिंती पातळ असतात, भाड्याच्या घरांत तर फारच. इतरांचं सिलिंडर वर नेताना तुझ्या घरातलं पाणी कोण भरत होतं, हे तिला विचार.

चांदणी काढू नकोस. या डिसेंबरातही लाव, पण रात्रभर वरच्या खिडकीत उजेड जातो का ते आधी बघ. करंज्या कर, दोघांनी मिळून. ताटावर स्वच्छ रुमाल घाल, वरच्या काकूंकडे जा, चहा विचारला तर बस, नाही विचारला तर परत ये. आपल्याकडे ताट रिकामं पाठवायची पद्धत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. साखर घालून परत आलं तर आनंदच. रिकामं आलं, तर धुऊन, पुसून फळीवर ठेव. पुढच्या वर्षी तेच ताट लागेल.